पणजीचें यजमानपण

परभणी जिल्ह्याच्या वाट्यास समुद्र आलेला नाहीं. आमच्याकडे पाणी म्हणजे गोदावरीचें, पूर्णेचें नि दुधनेचें. आणि उन्हाळा लागला कीं त्याचीहि वाळू उघडी पडावयाची. त्यामुळें समुद्राविषयीं आम्हां मराठवाडकरांस जें कुतूहल वाटतें, तें कोंकणांतल्या मनुष्यास सांगून समजावयाचें नाहीं. पूर्वीं आमच्या घरांतून प्रवास म्हणजे पंढरपूर, तुळजापूर, माहूर. फार तर काशी-रामेश्वर. समुद्र पाहावयाचा तो रामेश्वरास, आणि तोहि स्नानाचें पुण्य पदरांत पाडून घेण्यापुरता. अलीकडे मात्र ह्याच घरांतून दिवाळी सरते न सरते तोंच गोव्याच्या गोष्टी सुरू होतात. धाकट्या दिरांच्या कचेरीची परिषद पणजीस असते. सूनबाई डॉक्टर असल्या तर त्यांच्या वैद्यकीय मंडळाचें अधिवेशन तिकडेच भरतें. आणि कोणा भाचीचें लग्न म्हणे समुद्राच्या वाळूंतच लागावयाचें असतें. गोवा हें आतां आपण होऊन पाहावयास जाण्याचें ठिकाण राहिलें नसून बोलावणें येण्याचें ठिकाण झालें आहे. हें बोलावणें कशासाठीं येतें, आणि बोलावणाऱ्या शहराच्या पदरांत त्यांतून काय पडतें, हें येथें थोडें पाहावयाचें आहे. आपलींहि गांवें आतां पाहुण्यांस हांका मारूं लागलीं आहेत; तेव्हां हा विचार आपल्यास अगदींच परका नाहीं.

पणजी केवढें शहर आहे, असें विचारल्यास आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा अंदाज चुकेल. २०११ च्या शिरगणतींत पणजी महानगरपालिकेच्या हद्दींत माणसें भरलीं सुमारें ४० हजार. त्याच शिरगणतींत परभणी शहराची वस्ती ३ लाखांहून अधिक होती. म्हणजे एका परभणींत सात पणज्या सहज नांदाव्या! (श्लेष आपोआप झाला, वाचकांनीं तो पोटांत घालावा.) सबंध गोवा राज्याची लोकसंख्या त्या वेळीं साडेचौदा लाखांच्या घरांत होती, आणि २०१९ सालीं त्या राज्यास भेट देणाऱ्या प्रवाशांची संख्या ८० लाखांच्या आसपास गेली. गृहस्थी हिशेबानें सांगावयाचें तर दोन माणसांच्या घरीं वर्षाकांठीं अकरा पाहुणे. ज्या गृहिणीनें एका सणास अकरा पानें वाढलीं आहेत तिला ह्या आंकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

हें गांव मांडवीच्या मुखाशीं वसलें आहे. जुनें गोवें रोगराईनें ओस पडत गेलें तेव्हां १७५९ सालीं पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय आपलें बिऱ्हाड घेऊन पणजीच्या आदिलशाही वाड्यांत राहावयास आला, आणि १८४३ मध्यें ह्या गांवास राजधानीचा मान रीतसर मिळाला. तो वाडा नदीकांठीं अजून उभा आहे. १९६१ च्या १९ डिसेंबरास गोवा स्वतंत्र झाल्यावरहि राज्यकारभार पुष्कळ वर्षें त्याच वाड्यांतून चाले. २००० सालीं विधानसभा नदीपलीकडे पर्वरीस गेली. राजधानी असूनहि हें शहर पायीं फिरण्याजोगें राहिलें. आमच्या मतें त्याचें अर्धें भाग्य ह्या एका गोष्टींत आहे.

समुद्रकिनारा तर हिंदुस्थानांत शेंकडों गांवांस आहे. मग बोलावणीं पणजीहूनच कां यावीं? पहिली मोठी संधि आली ती १९८३ च्या नोव्हेंबरांत. राष्ट्रकुलांतील राष्ट्रप्रमुखांची परिषद त्या वर्षीं दिल्लीस भरली होती, आणि मधल्या विश्रांतीच्या दिवसांसाठीं ही थोर मंडळी गोव्यास, मांडवीच्या मुखापलीकडे आग्वादच्या किल्ल्याजवळ, आणण्यांत आली. जगाच्या वृत्तपत्रांत गोव्याचें नांव त्या आठवड्यांत जितकें झळकलें तितकें जाहिरातींवर पैसा ओतूनहि झळकलें नसतें. दुसरी संधि २००४ ची, आणि ती ऐन पणजीची. भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९५२ सालीं मुंबईस प्रथम भरला आणि पुढें निरनिराळ्या शहरांतून फिरत राहिला. २००४ मध्यें तो पणजीस आला आणि तेथेंच स्थिरावला. त्या वेळचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर ह्यांनीं हा पाहुणा आणण्यासाठीं फार खटपट केली होती. १८४२ सालीं स्थापन झालेल्या वैद्यकशाळेची जुनी इमारत दुरुस्त करून महोत्सवाच्या कचेरीस दिली, शेजारीं चित्रपटगृहें उभारलीं, नदीकांठचा रस्ता सजविला. एऱ्हवीं हा महोत्सव नोव्हेंबरच्या २० तारखेच्या सुमारास सुरू होतो आणि आठनऊ दिवस चालतो. त्यानंतरच्या परिषदांची यादी देत बसत नाहीं. २०१६ सालीं ब्रिक्स राष्ट्रांचे प्रमुख बाणावलीस जमले आणि २०२३ मध्यें जी-२० राष्ट्रांचे पर्यटनमंत्री गोव्यास आले, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

येथें एक व्यवहाराची गोष्ट समजून घेतली पाहिजे. प्रवासी आणि परिषदेचा प्रतिनिधि हे दोघे वरकरणी सारखे दिसले तरी हॉटेलवाल्याच्या चोपडींत ते अगदीं निरनिराळे असतात. प्रवासी हवा पाहून येतो. प्रतिनिधि पत्र पाहून येतो. नाताळच्या दिवसांत प्रवाशांस खोली मिळत नाहीं, आणि आषाढांत खोल्यांस प्रवासी मिळत नाहींत. गोव्याचा पाऊस आमच्या पावसासारखा आठवण झाली म्हणजे येणारा नव्हे. तो चार महिने ठाण मांडून बसतो. अशा दिवसांत पांचशें डॉक्टर किंवा हिशेबनीस तीन दिवसांसाठीं एकदम आले तर हॉटेलच्या नोकरांस घरीं बसावें लागत नाहीं. शिवाय प्रतिनिधीचा खर्च बहुधा त्याच्या संस्थेच्या नांवें पडतो, म्हणून तो घासाघीस करीत नाहीं. आणि गांव आवडलें तर पुढच्या खेपेस स्वतःच्या खर्चानें सहकुटुंब येतो. रिकामे महिने भरून काढण्याची ही युक्ति ज्या शहरास साधली त्याचें उत्पन्न बारमाही झालें म्हणून समजावें.

ही युक्ति साधावयास मोठें परिषदगृह पाहिजे, प्रशस्त खोल्या पाहिजेत, विमानतळ पाहिजे, असें तज्ज्ञ मंडळी सांगतात. तें खोटें नाहीं. गोव्यास दाभोळीचा विमानतळ होताच. २०२२ च्या डिसेंबरांत मोपा येथील दुसऱ्या विमानतळाचें उद्घाटन झालें आणि त्यास पर्रीकरांचें नांव देण्यांत आलें. परंतु गंमत अशी कीं, दोनापावल येथें मोठें परिषदगृह बांधण्याचा बेत सरकारदरबारीं पुष्कळ वर्षें शिजत असतां पणजीस मंडळी जमूं लागली ती त्या गृहाची वाट न पाहतांच. ती जमली कोठें? कंपालच्या नदीकांठीं कला अकादमींत.

ह्या इमारतीविषयीं दोन शब्द अधिक लिहिले तर वाचक क्षमा करतील. गोव्यांतील संगीत, नाट्य व इतर कला ह्यांच्या जोपासनेसाठीं १९७० सालीं कला अकादमी स्थापन झाली, आणि तिची वास्तु १९८३ च्या सुमारास पुरी झाली. वास्तुकार चार्ल्स कोरिया. त्यांचें घराणें गोव्याचें, पण जन्म १९३० सालीं सिकंदराबादेस झालेला. म्हणजे आमच्या परभणीप्रमाणेंच निजामाच्या मुलखांतला! सरकारी इमारत म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें दगडी कुंपण, लोखंडी फाटक आणि 'विनापरवाना आंत येऊं नये' ही पाटी उभी राहते. कोरियांनीं ह्याच्या नेमकें उलट केलें. रस्त्यावरून चालतांना आपण सावलींत शिरतों आणि दुसऱ्या अंगानें नदीवर बाहेर पडतों; मध्यें आपणांस कोणी अडवीत नाहीं. इमारत बुटकी ठेविली आहे, त्यामुळें माडांच्या वर ती डोकें काढीत नाहीं. आंत मोठें नाट्यगृह आहे, त्यास मास्टर दीनानाथ मंगेशकरांचें नांव आहे, आणि त्याच्या भिंतींवर मारियो मिरांडांच्या हातचीं माणसें चितारलेलीं आहेत. पडदा वर जाण्यापूर्वींच सभागृह भरलेलें वाटतें तें ह्या चित्रांतल्या प्रेक्षकांमुळें. बाहेर खुला रंगमंच. मुलांमुलींचे गायनाचे व तबल्याचे वर्ग येथें चालत आले, मराठी नाटकांच्या स्पर्धा येथें रंगल्या, केसरबाई केरकरांच्या नांवाचा संगीत समारोह येथें होऊं लागला. गांवच्या मुलांनीं तंबोरा जुळवावयास शिकावें म्हणून बांधलेली ही जागा. पुढें वीस वर्षांनीं जगाच्या कानाकोपऱ्यांतून चित्रपट पाहावयास मंडळी आली तेव्हां तिनें त्यांनाहि सामावून घेतलें.

पणजीच्या यशाचें मर्म आम्हांस येथें दिसतें. ह्या गांवानें जें स्वतःसाठीं केलें त्यांत पाहुण्यास जागा दिली. १८३२ सालीं स्थापन झालेलें सार्वजनिक ग्रंथालय आज कृष्णदास शामा ह्या सोळाव्या शतकांतील गोमंतकीय ग्रंथकाराच्या नांवानें पाटो भागांत नव्या इमारतींत चालतें; परिषदेस आलेला जिज्ञासु गृहस्थ तेथें खुशाल दुपार घालवूं शकतो. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनांतील निळ्या फरशांवरचीं चित्रें पाहावयास तिकीट काढावें लागत नाहीं. आणि संमेलनांची संवय तर गोमंतकास पणजीच्या ह्या वैभवाच्या किती तरी आधींपासूनची. १९३० सालीं मराठी साहित्य संमेलन मडगांवास भरलें, अध्यक्ष वामन मल्हार जोशी. आणि लगेच पुढच्या वर्षीं तें हैदराबादेस भरलें, अध्यक्ष डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर. एक मुलूख पोर्तुगीजांचा, दुसरा निजामाचा. परंतु मराठी पाहुण्यांचें स्वागत दोन्ही ठिकाणीं झालें. स्वातंत्र्यानंतर १९६४ मध्यें मडगांवानें पुन्हां हें यजमानपण पत्करलें, तेव्हां अध्यक्षस्थानीं कुसुमाग्रज होते.

परंतु चित्राची दुसरीहि बाजू आहे, आणि ती त्याच नदीकांठावरून दिसते. अंधार पडला कीं मांडवीच्या पात्रांत पांचसहा मोठीं जहाजें दिव्यांनीं झगमगूं लागतात. नवख्या माणसास वाटतें कीं कसला उत्सव आहे. तीं जुगाराचीं घरें आहेत. त्यांच्यापासून सरकारास मोठा कर मिळतो, पुष्कळ तरुणांस नोकऱ्या मिळतात, आणि तीं हलविलीं तर हें उत्पन्न कोठून आणावयाचें असा सवाल त्यांचे पुरस्कर्ते करितात. सवाल अगदींच पोकळ नाहीं. पण २०२० च्या फेब्रुवारीपासून खुद्द गोव्याच्या रहिवाशांस ह्या जहाजांवर खेळावयास जाण्याची बंदी आहे. बंदी करण्यांत सरकारचा हेतु चांगला असेल. घरचीं माणसें नादास लागूं नयेत असें कोणास वाटणार नाहीं? मात्र ज्या पदार्थास घरच्या मुलांनीं हात लावूं नये तो पाहुण्याच्या पानांत आग्रहानें वाढावयाचा, हें यजमानपण आमच्या समजुतीबाहेरचें आहे. पाहुणाहि कोणाच्या तरी घरचा मुलगाच असतो.

दुसरी खूण कला अकादमीच्याच वाट्यास आली. २०२१ सालीं ही वास्तु दुरुस्तीसाठीं बंद झाली. काम चालू असतांनाच २०२३ च्या जुलैंत खुल्या रंगमंचावरचें छत कोसळलें. रात्रीची वेळ म्हणून जीवितहानि टळली. नोव्हेंबरांत वास्तु पुन्हां उघडली. दोन वर्षांहून अधिक काळ गांवच्या नाटकमंडळ्यांस व शिकणाऱ्या मुलांस दुसरीकडे आसरा शोधावा लागला, आणि ह्याच काळांत शहरांतले रस्ते सुधारणेच्या नांवाखालीं खणून ठेवलेले होते. फोंतेन्हास ह्या जुन्या वस्तींतील रहिवासी तर पाहुण्यांस इतके कंटाळले कीं, आपल्या दारापुढें उभें राहून छायाचित्रें काढूं नयेत अशा पाट्या कित्येकांनीं भिंतींवर लावल्या. आपल्याच ओसरीवर बसावयाची चोरी झाल्यावर घरधन्यानें दुसरें काय करावें? गांवाची खरी परीक्षा करावयाची तर हॉटेलांतील खोल्या मोजण्यापेक्षां अशा पाट्या मोजाव्या, असें आम्हांस वाटतें.

हें सर्व परभणीकरांनीं कां वाचावें? तर पाहुणे बोलावण्याची इच्छा आतां गोदाकांठींहि जागी झाली आहे. २०२० च्या जानेवारींत राज्य शासनानें आमच्या जिल्ह्यांतील पाथरी येथें साईबाबांचें जन्मस्थान म्हणून १०० कोटी रुपयांच्या विकासकामांची घोषणा केली, आणि तिकडे शिर्डीकरांनीं निषेधार्थ बंद पाळला. जन्मस्थान कोणतें ह्या वादांत पडण्याचा आमचा अधिकार नाहीं. एवढेंच सुचवावेंसें वाटतें कीं, पाथरीची चर्चा महाराष्ट्रभर झाली ती कोटींच्या आंकड्यावरून आणि भांडणावरून. पाथरीस येणाऱ्या म्हातारीस सावलींत बसावयास जागा आहे काय, प्यावयास पाणी आहे काय, ही चर्चा फारशी कोणी केली नाहीं.

वास्तविक परभणीस यजमानपण नवें नाहीं. १९९५ सालीं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथें भरलें. अध्यक्ष कविवर्य नारायण सुर्वे. मुंबईच्या गिरणगांवांत वाढलेला कवि आमच्या काळ्या मातींत येऊन अध्यक्षपद भूषवितो, ह्याचें अप्रूप परभणीकरांस अजून आहे. दर वर्षीं फेब्रुवारींत सय्यद शाह तुराबुल हक ह्यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो आणि सर्व धर्मांचे लोक त्यास लोटतात. गंगाखेडास जनाबाईंचें गांव म्हणून वारकरी येतात. आणि शेजारच्या बीड जिल्ह्यांत अंबाजोगाईस काय दिसतें? कोंकणांतील कित्येक चित्पावन कुळांची कुलदेवता योगेश्वरी. समुद्रकांठचीं हीं कुटुंबें पिढ्यान् पिढ्या घाट चढून मराठवाड्यांत येत आलीं आहेत. समुद्राकडे जाणारी आमची वाट नवी आहे. समुद्राकडून इकडे येणारी वाट फार जुनी.

परिषदेचें म्हणाल, तर १९७२ सालीं स्थापन झालेलें कृषि विद्यापीठ परभणीच्या उंबऱ्यावर आहे. आज तें वसंतराव नाईकांच्या नांवानें ओळखलें जातें. 'परभणी मोती' ही रब्बी ज्वारीची जात ह्याच विद्यापीठाची. संयुक्त राष्ट्रांनीं २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें, तेव्हां ज्यांच्या सात पिढ्या भाकरीशिवाय जेवल्या नाहींत अशा आमच्या घरांतून लोक एकमेकांकडे पाहून हंसले असतील. ज्वारीविषयीं चार शहाण्यांनीं एकत्र बसून बोलावयाचें तर त्यास परभणीहून योग्य गांव कोणतें? दिवस मात्र नीट निवडावे. मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढें गेलेला असतांना कोणास बोलावूं नये. जानेवारींत, कणसांत हुरडा भरतो तेव्हां, सकाळचीं भाषणें आटोपून मंडळींस शेतावर न्यावें, आगटीभोंवतीं बसवावें, आणि गरम हुरड्यावर तिळाची किंवा जवसाची चटणी वाढावी. हें पंचतारांकित हॉटेलास जमावयाचें नाहीं. पण त्याआधीं विद्यार्थ्यांस, गांवच्या गायकांस आणि नाटकवाल्यांस वर्षभर वापरतां येईल असें एक चांगलें, हवेशीर, स्वच्छतागृहांची नीट सोय असलेलें सभागृह परभणींत असावें. तें पाहुण्यांकरितां म्हणून बांधूं नये. आपल्याकरितां बांधलें कीं पाहुणे त्यांत आपोआप मावतात.

आणि आमच्या वाचकांपैकीं कोणास पणजीचें बोलावणें आलें तर? जरूर जावें, आणि एकट्यानें जाऊं नये. खोलीचें भाडें संस्था देत असते. त्याच खोलींत सासूबाईंची किंवा मुलांची सोय थोड्या अधिक खर्चांत होते. परिषद सुनेची असेल तर मुलग्यानें दोन दिवसांची रजा काढून मुलें सांभाळावीं; कांहीं बिघडत नाहीं. परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसनें रात्रीं निघून मुंबई गांठावी, एक दिवस नातेवाइकांकडे काढावा, आणि पुढें कोंकण रेल्वेनें जावें. १९९८ च्या जानेवारींत हा मार्ग संपूर्ण खुला झाला. त्यावर ९१ बोगदे आहेत, आणि रत्नागिरीजवळचा कुरबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा आहे. बाळगोपाळांसाठीं दिवसाची मांडवी एक्स्प्रेसच बरी. रात्रीच्या गाडींत हें सर्व झोंपेंत निघून जातें. करमळी स्थानकावर उतरलें कीं पणजी जवळच. चित्रपटांची आवड नसेल तर नोव्हेंबरची अखेर टाळावी, आणि गर्दीचा तिटकारा असेल तर नाताळ. श्रावणांत गेल्यास समुद्रस्नान घडणार नाहीं, कारण लाटा धोक्याच्या असतात; पण मंगेशी नि कवळ्याची शांतादुर्गा हीं देवस्थानें हिरव्या डोंगरांत तेव्हां फार रम्य दिसतात, आणि खोल्या स्वस्त मिळतात.

पणजींत असतां एका संध्याकाळीं सर्वांनीं मिळून बेतीच्या फेरीबोटींत बसावें. पायीं जाणाऱ्यास तिचें भाडें पडत नाहीं. कामावरून परतणारीं माणसें, बाजाराच्या पिशव्या, सायकली, दुचाक्या अशा सगळ्या पसाऱ्यासह ती बोट पांचसात मिनिटांत मांडवी ओलांडते, आणि तेवढ्यांत गांव पाण्यावरून पाहून होतें. परत येण्यासहि तीच बोट आहे.